परिणाम होतो तो लोकांवर

पत्रकारितेच्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलो की एक शब्द दरवर्षी सगळ्यात जास्त वेळा भेटतो: लोक. प्रश्न ठरलेला, माध्यमांचा समाजावर होणारा परिणाम स्पष्ट करा. उत्तरही जवळपास ठरलेले. लोक जाहिरातींना भुलतात, लोक अफवांवर विश्वास ठेवतात, लोकांची मते चॅनलवाले घडवतात. उत्तर लिहिणारी मुलगी म्हापशाहून कदंब बसमध्ये उभ्याने, मोबाइल स्क्रोल करत पणजीला आलेली असते. तिच्यावर कशाचा काही परिणाम झाल्याची नोंद मात्र उत्तरात सापडत नाही. मी गुण देतो, उत्तर चूक नसतेच. पण हे ‘लोक’ राहतात कुठे, असा प्रश्न मनात येतो. गोवा केवढासा! इथे लोक म्हणजे शेवटी कोणाचा तरी चुलतभाऊ.

डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८३ साली यावर एक निबंध लिहिला. माध्यमशास्त्रातल्या निबंधांत इतका वाचनीय क्वचितच मिळेल. सुरुवातीलाच त्याने एका इतिहासकाराकडून ऐकलेली युद्धातली हकिगत सांगितली आहे. इवो जिमा बेटावर कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडी होती, अधिकारी गोरे. जपान्यांनी वरून पत्रके टाकली: हे गोऱ्यांचे युद्ध आहे, तुम्ही त्यांच्यासाठी कशाला मरता? दुसऱ्या दिवशी ती तुकडी मागे घेण्यात आली. सैनिकांवर त्या पत्रकांचा परिणाम झाल्याचा पुरावा नव्हता. परिणाम झाला तो अधिकाऱ्यांवर. आपल्या माणसांवर याचा परिणाम होईल, या भीतीनेच ते हलले.

पुढे डेव्हिसनने पश्चिम जर्मनीतल्या पत्रकारांना अग्रलेखांच्या ताकदीबद्दल विचारले. उत्तरांचा सूर एकच. तुमच्या-माझ्यासारख्यांवर अग्रलेखाचा फारसा परिणाम होत नाही, सामान्य वाचकावर मात्र बराच होतो. हे वाचले तेव्हा मला हसू आवरेना, कारण पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर असताना आम्हीही रात्री चहा पिताना अगदी हेच बोलायचो.

डेव्हिसनने याला तिसऱ्या व्यक्तीवरचा परिणाम म्हटले. ‘मी’ नाही, ‘तू’ही नाही, परिणाम होतो तो ‘त्यांच्यावर’. त्याचे पुढचे म्हणणे जास्त महत्त्वाचे. माध्यमांचा खरा परिणाम पुष्कळदा या समजुतीतूनच घडतो. सेन्सॉरच्या खुर्चीतला माणूस दिवसभर आक्षेपार्ह मजकूर वाचतो, आपण बिघडलो असे त्याला कधी वाटत नाही, आणि जनता बिघडेल म्हणून तो कात्री चालवतो.

गोव्याला ही कात्री पुरेपूर माहीत आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात आला. तो खरे तर निघाला होता अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, इथे अडकला आणि सेंट पॉल कॉलेजात उभा राहिला. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली सासष्टीतल्या राचोलला छापले गेले. सुमारे ११ हजार मराठी ओव्या, लिपी रोमन. ज्यांच्यासाठी ते रचले होते त्यांतल्या बहुतेकांना ती लिपी वाचता येत नसणार. चर्चमध्ये वाचणारा एक, ऐकणारे शेकडो. मग अठराव्या शतकाच्या मध्याला गोव्यातली छपाईच थांबली आणि पुन्हा सुरू झाली ती १८२१ साली, ‘गझेता द गोवा’ या सरकारी पत्राबरोबर. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात तर वर्तमानपत्राचे पान छापण्याआधी सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावे लागे. छापील शब्दाच्या ताकदीवर राज्यकर्त्यांएवढी श्रद्धा लेखकांची नसते.

शास्त्राची सुरुवातही याच श्रद्धेपासून झाली. पहिल्या महायुद्धातल्या प्रचारतंत्रावर हॅरॉल्ड लासवेलने १९२७ साली पुस्तक लिहिले. त्या पिढीच्या विचाराला नंतर बंदुकीची गोळी म्हटले गेले, कोणी इंजेक्शनची सुई म्हटले. संदेश सुटला, लागला, माणूस बदलला. त्याच्या पुराव्यादाखल ३० ऑक्टोबर १९३८ची रात्र अजून शिकवली जाते. ऑर्सन वेल्सचे मंगळावरच्या हल्ल्याचे रेडिओ नाटक आणि घाबरून रस्त्यावर आलेली अमेरिका. हॅडली कॅन्ट्रिलने त्यावर १९४० साली अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोक घाबरले होते, यात शंका नाही. पण त्याच रात्री फोनवरून झालेल्या श्रोतृपाहणीत ते नाटक ऐकत असल्याचे सांगणारे दोन टक्क्यांच्या आसपासच निघाले. देशभर हाहाकार उडाल्याचे चित्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी रंगवले, आणि रेडिओ तेव्हा त्यांच्या जाहिराती पळवत होता. म्हणजे इथेही तिसरी व्यक्ती हजर. मी नाही हो घाबरलो, लोक घाबरले. ऐंशीहून जास्त वर्षे आपण या लोकांबद्दल वाचतो आहोत.

गोळीचा सिद्धान्त मोडला तो एका साध्या निवडणूक-अभ्यासाने. १९४० साली ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी सुमारे ६०० मतदारांचा एक गट धरला आणि मे ते नोव्हेंबर त्यांना पुन्हा पुन्हा गाठून विचारले. रेडिओ आणि वृत्तपत्रे मते कशी फिरवतात ते पकडायचे होते. फिरलेली मते फारच थोडी सापडली. प्रचाराने बहुतेकांचे आधीचेच मत घट्ट झाले होते. आणि मत कसे ठरवले असे विचारल्यावर माणसे वर्तमानपत्राचे नाव घेण्याऐवजी माणसांची नावे घेऊ लागली. शेजारी, कामावरचा सोबती, घरातले कोणी. त्यातून द्विस्तरीय प्रवाहाची कल्पना निघाली. बातमी आधी थोड्या जागरूक माणसांपर्यंत जाते, तिथून बोलण्यातून इतरांकडे.

आमच्या डिचोलीच्या वाड्यावर हे कोणी शिकवावे लागले नाही. तिथे पसरकार, म्हणजे किराणा दुकानदार होता. सकाळी पाववाल्या पोदेराची सायकल पोंपों करत पुढे गेली की तो पसऱ्याच्या फळीवर पेपर पसरायचा. गुळाची ढेप कापता कापता मोठ्याने वाचायचा आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, “कितें बरयलां आज?” म्हणजे काय लिहिलेय आज. गंमत अशी की पेपर मराठी, पसरकार वाचायचा मराठीतून, आणि मान वर केली की लगेच कोकणीत. अग्रलेखातले ‘शासनाचे उदासीन धोरण’ फळीच्या या बाजूला येईपर्यंत एका विशिष्ट मंत्र्याच्या विशिष्ट जावयाची गोष्ट झालेले असे. हिंदू गोमंतकीय पिढ्यान्‌पिढ्या मराठीत वाचत आणि कोकणीत भांडत आला आहे. त्यामुळे छापलेले वाक्य जसेच्या तसे कोणाच्या डोक्यात उतरण्याची शक्यता इथे मुळातच कमी. मधल्या माणसाचे काम आमच्याकडे ओहायोपेक्षा मोठे. त्याला बातमी नुसती पोचवायची नसते, घरच्या भाषेत मांडायचीही असते, आणि त्या मांडणीत त्याचे स्वतःचे देणेघेणे सगळे आत शिरते. आमच्या पसरकाराकडे उधारी असलेल्यांविरुद्धच्या बातम्या जरा जास्त तिखट व्हायच्या, हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आले.

दक्षिणेत सासष्टीकडे हेच काम तियात्र, म्हणजे तिथले कोकणी नाटक करते. दोन प्रवेशांच्या मध्ये कांतारकार पडद्यापुढे येतो आणि ताज्या राजकारणावर गातो. पेपरात ज्याच्यावर सावध शब्दांत लिहिले जाते, त्याच्यावर तिथे नाव घेऊन यमके जुळवली जातात. आमच्याकडे जत्रेच्या नाटकातही गावातला एखादा नट भर प्रवेशात पंचायतीला टोला हाणून घेतो आणि टाळी घेतो.

आणि रेडिओ? १९५५ साली, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी जंगलातून गुप्त नभोवाणी सुरू केली. आधी आंबोलीच्या बाजूला, मग कॅसलरॉकला. ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ पोर्तुगीज आणि कोकणीतून सहा वर्षे चालू राहिला. गोव्यात तेव्हा रेडिओ संच मोजक्या घरांत. ऐकणे धोक्याचे, ऐकल्याचे सांगणे त्याहून धोक्याचे. तरी बातमी पसरायची. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा या दोघांनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून ती घोषणा केली. लासवेलचे १९४८चे प्रसिद्ध सूत्र आहे: कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला, आणि काय परिणाम. विद्यार्थ्यांना ते मी विमानाचे उदाहरण घेऊन शिकवतो. पाचही खाने भरतात. जंगलातल्या सहा वर्षांसाठी मात्र चौथ्या खान्यात काय लिहावे ते ठरत नाही, कारण ऐकणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडून ऐकणारे जास्त होते.

माध्यमे फार काही करत नाहीत, असा निष्कर्ष यातून काढायचा मोह होतो. पन्नाशीच्या दशकात अभ्यासकांनी तो काढलाही. डेस्कवर बसलेल्या माणसाला तो पटणार नाही. टेलिप्रिंटर रात्रभर खडखडत असे आणि त्याचा कागद लांबच लांब जमिनीवर लोळत असे. त्यातले किती छापायचे हे जागेवर अवलंबून, आणि काय छापायचे हे पाळीवर असलेल्या माणसावर. डेव्हिड मॅनिंग व्हाइटने अमेरिकेतल्या एका छोट्या शहरातल्या तार-संपादकाला आठवडाभर नाकारलेल्या प्रत्येक बातमीवर कारण लिहायला लावले. त्याचा १९५०चा निबंध सांगतो की दहातल्या नऊ बातम्या त्या एका माणसाच्या टेबलावरच संपत होत्या, आणि कारणे अनेकदा अगदी खासगी होती. आमच्याकडे कोणी कारणे लिहायला लावली असती तर ‘बाराची शेवटची बस’ हे कारण पुष्कळ ठिकाणी आले असते.

बर्नार्ड कोहेनने १९६३ साली म्हटले होते की वृत्तपत्रे लोकांना काय विचार करावा हे सांगण्यात फारशी यशस्वी होत नसतील, पण कशाबद्दल विचार करावा हे सांगण्यात थक्क करणारी यशस्वी होतात. मॅकोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८च्या निवडणुकीत चॅपल हिल गावातले १०० कुंपणावरचे मतदार घेऊन ते मोजले. मतदारांना महत्त्वाचे वाटणारे प्रश्न आणि माध्यमांनी उचललेले प्रश्न यांचा क्रम जवळजवळ एकसारखा निघाला.

गोव्यात हे तपासायचे तर खाणी घ्याव्यात. इथली बरीच दैनिके खाणमालक घराण्यांनी काढली, ही उघड गोष्ट आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकवाले, बार्जवाले, कामगार पहिल्या पानावर आले. यायलाच हवे होते, त्यांचे हाल खरे होते. पण त्याआधीची कितीतरी वर्षे डिचोली-सत्तरीतल्या शेतात उतरणारी लाल माती, आटलेल्या विहिरी, धुळीने लाल झालेली घरे ही पहिल्या पानाची बातमी क्वचितच होती. कोणी काही खोटे छापले असे मी म्हणत नाही. पान आठचे आणि पान एकचे एवढाच फरक. गोमंतकीय वाचक यात बावळट नाही. नवीन पेपर हातात आला की त्याचा पहिला प्रश्न असतो, हा कोणाचा? मालकाचे नाव कळले की तो प्रत्येक बातमीतून ठरावीक टक्के वजा करून वाचतो. स्टुअर्ट हॉलने १९७३ साली सांगितले की वाचक संदेश मांडणाऱ्याच्या मनाप्रमाणेच उलगडतो असे नाही, वाटाघाटी करतो, कधी उलटाही वाचतो. आमचा वाचक ते रोज करतो. मात्र वजाबाकी करता येते ती छापलेल्यातून. जे आलेच नाही त्यातून काय वजा करणार?

टीव्हीची गोष्ट वेगळी. म्हापशाच्या खोर्लीत माझी मावशी एकटी राहते. दार दिवसभर उघडे ठेवणारी बाई, आता दुपारी आतून दोन कड्या. विचारले तर म्हणते, “अरे, काय चाललंय बघतोस ना बाहेर?” बाहेर, म्हणजे खोर्लीत, काही चाललेले नसते. चाललेले असते कल्याणला, पुण्याला, नागपूरला. मराठी वृत्तवाहिन्या मुंबईच्या, त्यामुळे मावशीच्या वाट्याला मुंबईची भीती येते, पाऊसही मुंबईचाच येतो. जॉर्ज गर्बनरने साठीच्या दशकाच्या अखेरीपासून हेच शोधले. फार टीव्ही पाहणाऱ्यांना जग प्रत्यक्षापेक्षा जास्त क्रूर वाटते. त्याच्यावरचा आक्षेपही दमदार आहे. जे आधीच घाबरलेले, एकटे, घरात बसणारे, तेच टीव्ही जास्त पाहतात, मग कारण कोणते आणि कार्य कोणते? मावशीच्या बाबतीत मला दोन्ही खरे वाटते. शेजारचे घर दिल्लीच्या कोणी विकत घेतले आहे आणि वर्षातले बरेच महिने ते बंद असते. पूर्वी मावशी दार लावून बसली असती तर शेजारणीने येऊन विचारले असते. टीव्हीने सांगितलेल्या भीतीला उत्तर देणारे माणूस आज तिथे नाही. मावशीच्या मते टीव्हीचा परिणाम होतो तो अर्थातच तिच्या सुनेवर. मालिका बघून बिघडली म्हणते.

वाड्याच्या व्हॉट्सअॅप गटावर हे रोज पाहायला मिळते. फॉरवर्ड करणारा क्वचितच म्हणतो की मला हे खरे वाटते. तो लिहितो, ‘लोकांना सावध करा’. संशयास्पद मजकूर पुढे ढकलायला याहून सोयीचे कारण नाही. आपण फसलेलो नसतोच, आपण फक्त काळजी घेत असतो. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनी देशात माणसे मारली गेली, त्यानंतर जुलै २०१८ मध्ये कंपनीने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. त्याचा उपयोग झाला असेल. पण आमच्या गटात त्या मर्यादेवरची पहिली प्रतिक्रिया होती, बरे झाले, लोक काहीही पाठवतात. ही प्रतिक्रिया देणाऱ्याने त्याच सकाळी हळदीने कर्करोग बरा होतो असे पाठवले होते.

एलिझाबेथ नोएल-नॉयमान या जर्मन अभ्यासिकेने १९७४ साली मौनाच्या चक्राचा सिद्धान्त मांडला. आपले मत अल्पमतात आहे असे वाटले की माणूस एकटे पडण्याच्या भीतीने गप्प बसतो, त्यामुळे ते मत आणखी विरळ दिसते, मग आणखी काही जण गप्प होतात. तिची चाचणी प्रसिद्ध आहे: पाच तासांच्या रेल्वेप्रवासात समोरचा अनोळखी प्रवासी तुमच्या विरुद्ध मत मांडू लागला तर तुम्ही बोलाल का? या बाईने तरुणपणी गोबेल्सच्या साप्ताहिकात लिहिले होते, हेही सांगायला हवे. गप्प बसणे तिने फार जवळून पाहिले असणार. गोव्यात ही चाचणी चालायची नाही. एक तर आमची फेरीबोट पाच तास चालत नाही, आणि अनोळखी प्रवासी तरी कुठून आणायचा? दोन वाक्यांत तो तुमच्या मामाच्या गावचा निघतो. इथे माणूस अनोळखी बहुमताला कमी भितो, सोयऱ्यांना जास्त. भाषेच्या वादात मी घरेच्या घरे जेवणाच्या पंगतीत हवापाण्यावर बोलताना पाहिली आहेत.

त्यामुळे जनमत कौलाबद्दल कोणी छातीठोकपणे बोलू लागला की मी सावध होतो. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश राहायचे? फूल की दोन पाने? ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने, ‘राष्ट्रमत’ विरोधात, तेही मराठीतूनच. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर वाचून सकाळ तापायची, असे त्या पिढीकडून ऐकतो. दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. जिंकलेले म्हणतात पेपरने गोवा राखला, हरलेले म्हणतात पेपरने लोकांची दिशाभूल केली. दोघांचाही गोळीवर विश्वास आहे. अडचण पुढे येते. मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, भाऊसाहेब बांदोडकरांना, पुन्हा सत्तेवर बसवले. जानेवारीत फिरलेली डोकी मार्चमध्ये परत फिरली म्हणायची का? की काही माणसांनी दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे दिली, आणि ती देताना पेपर फळीवर नुसता उघडा होता?

आमच्या पसरकाराने ही दोन उत्तरे दिली होती. डिचोलीत तेव्हा फुलाचे वारे, पसऱ्यावर येणारे गिऱ्हाईक बहुतेक फुलाचे, तोही वाचताना फुलाचाच अग्रलेख वाचायचा. मत दोन पानांना दिले, हे त्याने मला सांगितले तेव्हा त्याची सत्तरी उलटली होती आणि पसरा मुलाकडे गेला होता. मार्चमध्ये सिंहाला, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतकाच्या निशाणीला, कारण भाऊंनी गावात शाळा आणली होती. जानेवारीत कोणाचे ऐकून दोन पाने, असे मी विचारले. ‘राष्ट्रमत’ वाचायचा का चोरून?

“म्हाका कोणें कित्याक सांगूंक जाय?” तो जरा चिडलाच.

मग बाकीची एवढी मते कशी पडली?

“लोकांचें सोड. लोकांक पेपरांनीं फिरयले.”